न घासलेली सायकल

घासू मिस्त्रीला एक खरं नावही होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. बाकी चौतीस वर्षं कारखान्याच्या रंगखात्यात सगळे त्याला घासूच म्हणत. नवा माणूस कामावर आला की मिस्त्री त्याच्या हातात पॉलिश पेपर द्यायचा आणि एकच शब्द बोलायचा, "घास." जुना रंग लोखंडापर्यंत घासून काढल्याशिवाय त्यावर नवा चढवायचा नाही, हा त्याचा नियम. कोणी म्हणालं, "मिस्त्री, आत एवढं कोण बघतंय?" तर उत्तर ठरलेलं, "रंग बघतो."

कारखाना लहान होता. दवाखान्याच्या खाटा, शाळेची बाकं, पाण्याच्या टाक्या, सायकली, लोखंडाचं जे येईल ते रंगवायचं. निवृत्त झाल्यावर मिस्त्रीने पहिल्या सहा महिन्यांत घरातले खिडक्यांचे गज, दाराच्या कड्या, खुर्च्या आणि भांड्यांची मांडणी घासून रंगवून काढली. मग घरातलं लोखंड संपलं. बायको म्हणाली, "आता मीच उरले. मला घासायला येऊ नका."

अशा रिकाम्या दिवसांत एका सोमवारी सकाळी दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीच्या आसपासची, गळ्यात मोजमापाची टेप तशीच राहिलेली. खालच्या गल्लीत शिवणकाम करणारी ती. मिस्त्रीच्या बायकोची पोलकी तिच्याकडेच जायची.

"मिस्त्री, तुमच्याकडे एक काम आहे," ती म्हणाली. "माझी आई तुम्हाला आठवत असेल. दवाखान्यात नर्स होती. सायकलवरून बाळंतपणं करायला जायची."

मिस्त्रीने तिच्याकडे न बघताच खुर्ची पुढे ओढली. तो म्हणाला, "नर्सबाईंना कोण विसरेल? बसा ताई."

ताईने पिशवीतून एक फोटो काढला. काळा-पांढरा, कोपरे दुमडलेले. तरुण नर्सबाई एका लेडीज सायकलचं हँडल धरून उभ्या होत्या. सायकल काळी होती आणि तिच्या नळ्यांवर, नीट पाहिलं तर, दोन बारीक रेघा दिसत होत्या.

"ही तिच्या वडिलांनी घेऊन दिलेली," ताई सांगू लागली. "दोन वर्षांनी आई दवाखान्यात लागली तेव्हा नियम निघाला, कामावरची प्रत्येक सायकल करड्या रंगाची पाहिजे. मग हिलाही करडा रंग दिला. सव्वीस वर्षं आईने ती चालवली. निवृत्तीच्या दिवशी साहेब म्हणाले, करडी सायकल म्हणजे दवाखान्याची, जमा करा. आईने भांडण केलं नाही. जमा केली. घंटी तेवढी काढून घरी आणली."

"आणि आता?"

"आई गेल्या वर्षी गेली. आता दवाखान्याची जुनी कोठी रिकामी करतायत. आत तीन करड्या लेडीज सायकली आहेत. मी अर्ज केला. मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलं, जाणकार माणसाने ओळखून दाखवली तर ती एक घेऊन जा. नाहीतर शुक्रवारी तिन्ही भंगारात." तिने फोटो पुढे सरकवला. "मी लहानपणी मागे कॅरिअरवर बसायचे, मिस्त्री. मला पुढे फक्त आईची पाठ दिसायची. सायकल मी कधी नीट बघितलीच नाही. आता कुठली आपली ते मलाच सांगता येत नाही."

मिस्त्रीने फोटो उजेडाकडे धरला. रेघांकडे पाहिलं आणि पटकन परत दिला.

"येतो," तो म्हणाला.

ती गेल्यावर बायको आतून बाहेर आली. "नर्सबाईंचं नाव काढलं की तुमचा चेहरा असा का होतो? मला आठवतंय, त्यांची घंटी रस्त्यात वाजली की तुम्ही घरात शिरायचात. आपल्या दोन्ही पोरांच्या वेळी बिचारी धावून आली, आणि तुम्ही मागच्या दाराने पसार!"

"कामं असायची," मिस्त्री म्हणाला आणि चपला शोधू लागला. चपला त्याच्या पायातच होत्या.

*

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आणि ताई दवाखान्यात पोचले. कोठीला एकच खिडकी होती आणि तिच्यावर जाळी. मोडक्या खाटा, सलाइनचे स्टँड, गंजलेली वजनकाट्याची पारडी. एका बाजूला तीन सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या. स्टोअरकीपर तारेचा ब्रश आणि पाण्याची बादली घेऊन तयारच होता.

"म्हटलं, तुम्ही यायच्या आत जरा चकाचक करून ठेवावं," तो म्हणाला.

"ब्रश खाली ठेव," मिस्त्री म्हणाला.

"अहो, गंज आहे."

"गंज आहे म्हणूनच खाली ठेव. घाण बोलते. तू ती धुतलीस की मी विचारायचं कुणाला?"

स्टोअरकीपर ताईकडे बघून हसला. "घासू मिस्त्री म्हणून ऐकलं होतं यांच्याबद्दल. हे तर हातच लावू देत नाहीत."

मिस्त्रीने बाकडं ओढलं, चष्मा पुसला आणि बघायला बसला. अर्धा तास तो नुसता बघत होता. स्टोअरकीपरने मधे दोनदा घड्याळ बघितलं. ताई टेपचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"सीट कुणी बदलली?" मिस्त्रीने विचारलं.

"सगळंच बदललंय. एकीची सीट फाटली की दुसरीची काढून लावायची. चाकं, चेनची झाकणं, हँडल, सगळं फिरलंय. आमच्या आधीच्या माणसाने तर तीन सायकलींच्या दोन चालू ठेवल्या होत्या."

"मग सीट, चाक, हँडल काही सांगणार नाही. बोलेल ती नुसती फ्रेम." मिस्त्री उठला. "आडव्या करा. हळू. ढकलू नका, झोपवा."

तिन्ही सायकली गोणपाटावर आडव्या झाल्या. जिथे पायडलचा आस बसतो ते जाड नळकांडं असतं. मिस्त्रीने त्याच्या पोटाखालचं वंगण सुक्या फडक्याने टिपायला सुरुवात केली. घासलं नाही, टिपलं. मग टॉर्च तिरका धरला.

पहिल्या सायकलीच्या पोटाखाली रंग सपाट होता. दुसरीच्या पोटाखाली रंगात एक ठसा उमटला होता. अंगठ्याचा. वर्तुळं स्पष्ट दिसत होती आणि त्यांना मधोमध छेदून जाणारा एक आडवा चर. तिसरीलाही तसाच ठसा, तसाच चर.

मिस्त्रीने आपला उजवा अंगठा टॉर्चसमोर धरला. तरुणपणी रंगाच्या डब्याच्या पत्र्याने कापलेला, मधोमध आडवा चर असलेला.

"अगंबाई!" ताई म्हणाली.

"रंग वाळला का ते असं बघायचो," मिस्त्री म्हणाला. "कुणाला दिसणार नाही अशा जागी अंगठा टेकवायचा. चिकटला तर अजून थांबायचं. पहिली सायकल कंपनीतूनच करडी आलेली. ती नाही. या दोन माझ्या हातच्या."

"म्हणजे दोघींतली एक आईची!"

"हो."

"कुठली?"

मिस्त्री दोन्ही सायकलींकडे बघत राहिला. फ्रेमचा बांधा एकच, दोन्ही एकाच कंपनीच्या. त्या वेळी सगळे त्याच कंपनीच्या घ्यायचे. दवाखान्याची एक जुनी काळी सायकलही तेव्हा रंगवायला आली होती, ते त्याला चांगलं आठवत होतं. आणखीही एक गोष्ट चांगली आठवत होती. ती जिभेवर आली आणि तिथेच अडली.

"नाही सांगता येणार," तो म्हणाला.

"रंगाच्या आत काही असेल ना? त्या रेघा?"

"आत काही नसतं, ताई," स्टोअरकीपरच मधे बोलला. "या मिस्त्रींचा नियम अख्ख्या गावाला माहीत आहे. लोखंडापर्यंत घासल्याशिवाय हे रंग देत नाहीत."

मिस्त्रीने मान डोलावली. त्याला वाटलं, आपली मान आपलीच नाही.

ताईने दोन्ही सायकलींच्या नळ्यांवरून हात फिरवला, एकदा हिच्या, एकदा तिच्या. "बरं," ती म्हणाली. "इतकं तरी कळलं."

*

त्या दिवशी मिस्त्री जेवला नाही म्हणण्यापेक्षा ताटातलं इकडून तिकडे करत बसला. बायकोने थोडा वेळ बघितलं.

"सांगा आता."

"काय?"

"चाळीस वर्षं झाली तुमच्याशी संसार करतेय. पोटात दुखतंय की मनात, एवढं मला कळतं."

मग मिस्त्रीने सांगितलं. सांगताना तो बायकोकडे नाही, पाण्याच्या तांब्याकडे बघत होता.

नर्सबाई सायकल घेऊन कारखान्यात आल्या तो बुधवार होता. जुना रंग घासून काढणं, खड्ड्यांत लांबी भरणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात, हे सगळं चार दिवसांचं काम. नर्सबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी पाहिजे. या आठवड्यात दोघीजणी भरल्या दिवसांच्या आहेत, आणि दोन्ही वस्त्या तीन कोसांवर." फोरमन रजेवर होता. मिस्त्री पंचविशीचा, रंग फवारायची गन नुकतीच हातात मिळालेला. हो म्हणून बसला. जाताना नर्सबाईंनी फ्रेमवरच्या सोनेरी रेघेवरून एक बोट फिरवलं आणि विचारलं, "या जाणार का?" तो म्हणाला, "नियम आहे, बाई."

"मग?"

"मग मी पॉलिश पेपर हातात घेतला. पहिल्या रेघेवर ठेवला. अगं, काय रेघ होती! लांब केसांच्या ब्रशने, एका श्वासात ओढलेली. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. मला जन्मात जमली नसती. मी गनचा माणूस. पेपर ठेवला आणि उचलला." तो थांबला. "साबणाच्या पाण्याने पुसली आणि वरून रंग मारून दिली. अजिबात न घासता."

"एवढंच?"

"एवढंच काय म्हणतेस! फसवलं मी त्यांना. न घासलेला रंग धरत नाही. दोन वर्षांत पापुद्रे सुटणार, बाई तक्रार घेऊन येणार, सगळ्यांसमोर शोभा होणार. म्हणून घंटी ऐकली की लपायचो. त्या कधी आल्याच नाहीत. आणि मी पुढे तीस वर्षं दुसऱ्यांना घास, घास म्हणून पिळत राहिलो."

बायको हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली.

"हसतेस काय?"

"अहो, जगातल्या सगळ्या वस्तू घासून झाल्या तुमच्या. एक सोडलीत. आणि आज जिचा उपयोग आहे ती नेमकी तीच. आणि तुम्ही तोंड शिवून परत आलात?"

"माझी अब्रू काय राहील?"

"तुमची अब्रू बघायची, की त्या बाईच्या आईची सायकल भंगारात जाताना बघायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि उद्या पोलकं आणायला मला तिच्याकडे जायचंय. विचारलंन तर मी खोटं बोलणार नाही."

*

गुरुवारी सकाळी मिस्त्री कोठीच्या दाराशी ताईची आणि स्टोअरकीपरची वाट बघत उभा होता. हातात एक सुती फडकं, गरम पाण्याचा थर्मास आणि बायकोच्या बांगड्यांच्या पेटीतून घेतलेली, टोक झिजवून बोथट केलेली लाकडी काडी.

"ताई, परवा मी खोटं बोललो," दोघं येताच तो म्हणाला. एका दमात म्हणाला, नाहीतर राहिलं असतं. "तुमच्या आईची सायकल मी घासली नव्हती. वरूनच रंग मारला. काम चुकवलं."

स्टोअरकीपरचं तोंड उघडं राहिलं. "घासू मिस्त्री? तुम्ही?"

"मी. आता गावभर सांग."

ताई त्याच्याकडे बघत होती. "म्हणजे आत रेघा असतील?"

"लोखंड असेल तर ती दवाखान्याची. रेघ असेल तर तुमची. पण घाई नाही करायची."

त्याने फडकं गरम पाण्यात भिजवून पिळलं आणि ठसेवाल्या दोघींतल्या पहिल्या फ्रेमवर, सीटखालच्या उभ्या नळीवर, जरा वेळ दाबून धरलं. मग काडीचं टोक रंगाच्या एका टवक्याच्या कडेला लावून हलकेच उचलू पाहिलं. रंग हलला नाही. दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी, तेच. टवक्याच्या आत उघडं लोखंड.

"ही घासलेली. चांगली घासलेली," मिस्त्री म्हणाला. त्यातही त्याला थोडं बरं वाटलं.

दुसरी फ्रेम. फडकं, दाब, काडी. काडी आत सरकली आणि नखाएवढा करडा पापुद्रा कोरड्या पानासारखा उचलला गेला. खाली काळं होतं. भट्टीत भाजलेला जुना काळा रंग, आरशासारखा. मिस्त्रीने काडी खाली ठेवली, दोनदा मूठ मिटली, उघडली आणि पुन्हा काडी घेतली.

तिसऱ्या पापुद्र्याखाली रेघ निघाली.

सोनेरी. आधी एक जाड, आणि तिच्यापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर एक बारीक. ताईने फोटो शेजारी धरला. मग स्टोअरकीपरने खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "कुठे सही करू सांगा. आणि मिस्त्री, गावभर नाही सांगत. फक्त बायकोला सांगतो."

"माझ्या बायकोला आधीच माहीत आहे," मिस्त्री म्हणाला. "तेव्हा गावाला कळलं असेल."

*

सायकल मिस्त्रीच्या पडवीत आली. येताना ताईने तिला हातात धरून चालवत आणली. टायर इतके कुजले होते की वजन टाकायची सोय नव्हती.

"आता हिला पूर्ववत करा," ताई म्हणाली. "फोटोसारखी. काळी, रेघांची."

मिस्त्रीचे हात शिवशिवले. चार दिवसांत करून दिली असती. करडा पापुद्रा सगळा काढायचा, पॉलिश मारायचं, जिथे काळा रंग उडालाय तिथे नवा भरायचा. अशी चकाकली असती की लोक रस्त्यात थांबले असते. तो आतून सामान आणायला निघाला आणि सायकलला वळसा घालताना थबकला.

"ताई, इथे या. हे बघा."

डाव्या बाजूला, नळीच्या वाकाशी, करडा रंग झिजून गुळगुळीत झाला होता. तळहाताएवढी जागा.

"हे काय?"

"नर्सबाईंचा गुडघा. चढताना इथे लागायचा. सव्वीस वर्षं. आणि हे मागे, कॅरिअरच्या कांबीखाली, दोन्हीकडे खरडलेलं."

ताई खाली बसली. तिने त्या खरडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "हे माझे बूट," ती म्हणाली. "आई ओरडायची, पाय बाहेर धर म्हणून."

"कॅरिअर फिरलेलं नाही म्हणजे. फ्रेमबरोबरचंच आहे." मिस्त्री तिच्याशेजारी बसला. "आता असं आहे. तुम्ही म्हणाल तर मी काळी करतो. पण करडा काढला की हा गुडघा जाईल. तुमचे बूट जातील. एकदा काढलेलं मला परत घालता येणार नाही. नवं घालता येतं, हे नाही. काळी सायकल तुमच्या आईची दोन वर्षं होती. करडी सव्वीस."

"मग कुठली खरी म्हणायची?"

"मला विचारू नका. मी रंगारी आहे. माझा निकाल नेहमी रंग देण्याच्या बाजूने लागतो."

ताई हसली. मग टेप काढली आणि उभ्या नळीवर, जिथे रेघ निघाली होती तिथे, शिवताना काज मापावं तशी लावली. "एवढंच उघडा," ती म्हणाली. "वीतभर. बाकी आईने जशी सोडली तशी राहू दे."

ती वीतभर जागा उघडायला मिस्त्रीला चार दिवस लागले. सकाळचा उजेड चांगला असेपर्यंतच काम. गरम फडकं, काडी, एक पापुद्रा, मग थांबायचं. रेघेच्या अगदी जवळ काडीही नाही, नुसतं नख. करड्याची कड त्याने सरळ कापली नाही. जिथे पापुद्रा स्वतः थांबला तिथे थांबू दिला. गंज सुक्या फडक्याने टिपला आणि त्यावर पातळ तेलाचा हात फिरवला. जाम झालेली चेन नुसती मोकळी केली. दुसऱ्या सायकलीवरून आलेली सीट होती, ती तशीच ठेवली. नव्या सीटपेक्षा ती बरी. कुजलेले टायर काढून सुतळीने बांधले आणि ताईला सांगितलं, हे फेकायचे नाहीत, माळ्यावर ठेवायचे. चालण्यापुरते नवे घातले.

पॉलिश पेपरचं पाकीट चारही दिवस खुंटीवर होतं. मिस्त्रीने त्याला हात लावला नाही. दोनदा बघितलं मात्र.

चौथ्या दिवशी बायको कंबरेवर हात ठेवून बघायला आली. "चार दिवसांत एवढंच?"

"एवढंच."

"एखादा नवा माणूस कारखान्यात असं काम करता तर तुम्ही त्याला हाकलला असता."

"त्याच दिवशी," मिस्त्री म्हणाला.

संध्याकाळच्या आधी ताई आली. तिने बोटाने नाही, बोटाच्या पाठीने त्या दोन रेघांना हात लावला. मग पिशवीतून एक छोटं गाठोडं सोडलं. आत आईची घंटी होती, इतकी वर्षं कपाटात ठेवलेली. मिस्त्रीने ती हँडलवर बसवली. स्क्रूचा शेवटचा अर्धा आटा त्याने मुद्दाम ढिला ठेवला. जुना पत्रा, ताणला तर चिरतो.

"आई कधी रागावली नव्हती तुमच्यावर," ताई जाता जाता म्हणाली. "उलट सांगायची, रंगखात्यातल्या त्या पोराने माझ्या रेघा झाकून ठेवल्यात. एखाद्या ठिकाणी टवका उडाला असेल, तिथून तिला दिसलं असेल. मला ते नुसतं बोलणं वाटायचं, अर्थ आत्ता कळला. पण तुम्ही म्हणे तिला बघितलं की पळायचात."

मिस्त्रीने हँडल पुन्हा एकदा पुसलं. तो म्हणाला, "पावसात ठेवू नका. आणि कापडाने झाका, प्लास्टिकने नाही. आत घाम धरतो."

ताई सायकल घेऊन उतारावरून निघाली. कोपऱ्यावर तिने घंटी वाजवली. मिस्त्रीचा एक पाय आपोआप उंबऱ्याच्या आत गेला होता. त्याने तो बाहेर काढला आणि घंटी ऐकू येईनाशी होईपर्यंत दारातच उभा राहिला.